वीण कळली की जोडी कळते

शोभिवंत माशांच्या दुकानात भाव जोडीवर सांगतात. गिऱ्हाईक बोट दाखवतं, दुकानदार जाळी फिरवतो, हाताला लागतील ते दोन मासे पाण्याच्या पिशवीत जातात, हवा भरून वर रबर बांधलं की झाली जोडी. त्या दोघांत एक नर आणि एक मादी आहे का, हे बहुतेक वेळा विकणारा पाहत नाही आणि घेणारा विचारत नाही. प्रश्न सुरू होतात ते घरी आल्यावर, काही आठवड्यांनी. गप्पीची मादी सारखी रोपट्यांच्या मागे का दडून बसते? दोन फायटर एकत्र सोडले तर एकाच्या शेपटीच्या चिंध्या का झाल्या? एंजलनी पानावर छान ओळीत अंडी घातली, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळीच्या सगळी पांढरी का पडली? पाण्यात दोष शोधला जातो, औषधं टाकली जातात, फिल्टर बदलला जातो. मूळ कारण मात्र एवढंच असतं की टँकमध्ये नर किती आणि माद्या किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरातल्या माशांच्या हालअपेष्टांमध्ये घाण पाणी आणि जास्तीचं खाणं यांच्याखालोखाल या अज्ञानाचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच एवढ्या एका विषयावर वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं. पिल्लं काढायची असतील त्यालाच नर-मादी ओळखण्याची गरज, हा समज चुकीचा आहे. ज्याला फक्त चार मासे सुखात पोहताना पाहायचे आहेत, त्यालाही ही ओळख तितकीच लागते.

गाय, शेळी, कोंबडा-कोंबडी यांच्यातला फरक आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. माशाच्या बाबतीत मात्र आपली सगळी ओळख ताटापर्यंतची. गाभोळी निघाली की मासळी मादी होती, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. जाणती कोळीण पोट हलकेच दाबून गाभोळी आहे की नाही ते आधीच सांगते. पण ही परीक्षा विणीच्या हंगामापुरती, आणि मोठ्या माशापुरती. बोटाच्या पेराएवढ्या जिवंत टेट्राचं पोट दाबून पाहता येत नाही, आणि पाहूही नये.

मुळात माशांत हा फरक इतका झाकलेला का? बहुतेक माशांमध्ये मादी अंडी पाण्यात सोडते आणि नर त्यांच्यावर पाण्यातच शुक्ररस सोडतो. फलन शरीराबाहेर होतं, त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या इंद्रियाची गरजच पडत नाही. अंडाशय आणि वृषण दोन्ही पोटाच्या आत, आतड्यांच्या शेजारी दडलेले. बाहेर जो काही फरक उमटतो तो त्या त्या जातीच्या विणीच्या रीतीमुळे उमटतो. नराला मादीसमोर मिरवावं लागत असेल तर रंग आणि लांब पर येतात. मिलन शरीराच्या आत होत असेल तर त्यासाठी लागणारा अवयव येतो. अंडी घालून दोघेही निघून जाणार असतील तर फरक जवळपास शून्य. आणि दोघं मिळून पिल्लं सांभाळणार असतील, तर ती दोघं एकमेकांसारखीच दिसण्याची शक्यता जास्त. या शेवटच्या वाक्याला अपवाद आहेत आणि ते पुढे येतील, पण एकूण रोख असा आहे. म्हणून नवा मासा समोर आला की मी आधी त्याची वीण कशी होते ते शोधते. ते कळलं की माशाच्या अंगावर नेमकं कुठं पाहायचं ते आपोआप कळतं.

गप्पीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात गप्पीचं नाव न ऐकलेला माणूस विरळाच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं साठलेल्या पाण्यात, विहिरींत, हौदांत हे मासे सोडतात. मूळचा हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही तिचीच भावंडं. पिल्लं द्यायची तर फलन पोटात व्हायला हवं, आणि त्यासाठी नराच्या पोटाखालचा मागचा पर, म्हणजे गुदपर, बदलून एक नळीवजा अवयव झालेला असतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात. त्या पराचे तिसरे, चौथे आणि पाचवे काटे लांब आणि जाड होऊन तो बनतो.

हे पाहायला भिंग लागत नाही. एक गप्पी काचेच्या पेल्यात घ्यावा, पेला खिडकीच्या उजेडासमोर धरावा आणि मासा आडवा होईपर्यंत थांबावं. शेपटी आणि पाठीचे रंग मुद्दाम बाजूला ठेवावेत, कारण आता बाजारात माद्यांच्या शेपट्याही रंगीत असतात. नजर पोटाखाली, गुदद्वाराच्या लगेच मागे न्यावी. तिथला पर त्रिकोणी आणि पसरट दिसला तर मादी. अरुंद, लांबट, टोकदार आणि बहुतेक वेळ अंगाला चिकटून मागे वळलेला दिसला तर नर. मादी पोसलेली असेल तर त्याच पराच्या वर, पोटाच्या मागच्या टोकाशी, एक गडद डाग दिसतो. पिल्लं वाढतात तसा तो मोठा आणि काळा होत जातो, आणि फिकट जातीत जन्माच्या एक-दोन दिवस आधी त्यातून पिल्लांचे डोळेही दिसतात. काळ्या मोलीत हा डाग कातडीतच हरवतो. तिथे पर हीच एक खूण.

पिल्लांमध्ये हा फरक साधारण तीन-चार आठवड्यांत दिसू लागतो, आणि ज्याला पिढी आपल्या मनासारखी काढायची आहे त्याने तेव्हाच नर-माद्या वेगळ्या कराव्यात. नंतर उशीर होतो, कारण गप्पीची मादी एकदा मिळालेला शुक्ररस महिनोन् महिने पोटात जपून ठेवते. दुकानातून आणलेली एकटी मादी नराचं तोंडही न पाहता दर चार-पाच आठवड्यांनी पिल्लं देत राहते ती यामुळेच. याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पोटुशी असलेली एकच मादी ओढ्यात सोडली गेली तरी तिथे गप्पींची वस्ती उभी राहू शकते आणि स्थानिक लहान माशांच्या अन्नावर, पिल्लांवर तिचा ताण पडतो. टँक बंद करताना उरलेले मासे 'देवाच्या पाण्यात' सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायलाच हवं. गप्पी हौदात ठीक, नदीत नाही.

गप्पीच्या नरांचे रंग हा विज्ञानातला मोठा धडा ठरला. 1920 साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी दाखवलं की नराच्या अंगावरचा एक ठिपका बापाकडून मुलाकडे जातो, मुलीच्या अंगावर तो दिसत नाही. दोन वर्षांनी ओयविंड विंगे यांनी तो वाय गुणसूत्रावरून येतो हे मांडलं. पुढे जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये पाहिलं की जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथले नर फिकट, आणि जिथे ते नाहीत तिथले नर रंगीबेरंगी. त्यांनी शिकारी मासे असलेल्या ठिकाणचे गप्पी निर्धोक ओढ्यात नेऊन सोडले, तेव्हा थोड्याच पिढ्यांत नरांचे रंग वाढले. 1980 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. माद्यांना रंग आवडतो, शिकाऱ्यालाही रंग दिसतो, आणि नर या दोघांच्या मध्ये सापडलेला असतो. आपल्या टँकमध्ये शिकारी नसतो, म्हणून तिथला नर इतका भडक असणं परवडतं.

पण त्या भडक नराचा मादीला जो त्रास होतो तो आपण पाहतच नाही. नर दिवसभर मादीच्या मागे असतो. तिच्यासमोर अंग वाकवून थरथरत नाचतो, आणि तिने दाद दिली नाही तर मागून झडप घालून बळजोरीने मिलनाचा प्रयत्न करतो. ओढ्यात तिला पळायला जागा असते. दोन फुटांच्या टँकमध्ये पाच नर आणि दोन माद्या असतील तर त्या माद्यांना खायलाही फुरसत मिळत नाही. त्या खंगतात आणि लवकर मरतात. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवण्याचा जुना नेम आहे, आणि तो मी या पुस्तकात जागोजागी सांगितला आहे. पिल्लांचा पसारा नको असेल तर फक्त नर ठेवावेत. त्याने टँकची शोभाही कमी होत नाही.

स्वोर्डटेलविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती जुन्या शौकिनांकडून हमखास ऐकायला मिळते: 'आमच्याकडे मादीचा नर झाला.' स्वोर्डटेलच्या नराच्या शेपटीचा खालचा भाग तलवारीसारखा लांब वाढतो. पण सगळे नर एकाच वयात नर दिसत नाहीत. काही लवकर वयात येतात आणि लहानखुरे राहतात. काही उशिरा येतात, तोवर मादीएवढे मोठे होतात आणि मादीच वाटतात. एके दिवशी त्यांना तलवार फुटते आणि घरात चमत्कार झाल्यासारखं वाटतं. म्हाताऱ्या माद्यांना नराची काही लक्षणं येतात हेही खरं. पण पिल्लं दिलेली मादी पुढे बाप झाली, याचा पुरावा फार कच्चा आहे.

आता फायटर. सयामी फायटर हा दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यात एकटा बसलेला मासा, आणि तो बहुतेक वेळा नरच असतो. इथे पिल्लांची सगळी जबाबदारी बापावर असते. तो पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, मिलनानंतर खाली पडणारी अंडी तोंडात उचलून त्या बुडबुड्यांत नेऊन ठेवतो, आणि पिल्लं स्वतः पोहू लागेपर्यंत पहारा देतो. घरट्याची जागा राखायची म्हणजे दुसऱ्या नराशी लढायचं आणि मादीला भुलवायचं. लांब पर, गडद रंग आणि कल्ल्यांखालून फुलणारी मोठी 'दाढी' त्यासाठीच. अंडी घालून झाली की मादीसुद्धा त्याला शत्रू वाटते. तिला त्याच दिवशी बाहेर काढलं नाही तर तिचा जीव जाऊ शकतो.

लांब परांचा नर आणि आखूड परांची मादी, एवढ्यावर पूर्वी भागत असे. आता प्लाकाट नावाचे आखूड परांचे फायटर सर्रास मिळतात, आणि त्यांचा नर पाहून भलेभले त्याला मादी ठरवतात. इथे उपयोगी पडतो तो मादीच्या पोटाखालचा बारीक पांढरा ठिपका. पुढचे दोन लोंबते पर आणि मागचा लांब पर यांच्या मधोमध तो असतो. ते अंडनलिकेचं टोक. मासा वर, खाण्याकडे, तोंड करून उभा राहिला की तो स्पष्ट दिसतो. कोवळ्या नरातही कधीकधी तसा ठिपका भासतो, म्हणून तीन-चार महिन्यांच्या आधी निकाल देऊ नये. बुडबुडे केले म्हणजे नरच, असंही छातीठोकपणे म्हणू नये. एखादी मादीही बुडबुडे करते. गोरामी या फायटरच्याच नात्यातल्या. निळ्या आणि मोती गोरामीत पाठीवरचा पर नरात लांब आणि टोकदार, मादीत आखूड आणि गोलसर. मोती गोरामीच्या नराचा गळा विणीच्या काळात केशरी-लाल होतो, तो ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही.

अंडी विखरून मोकळे होणाऱ्या माशांची पाळी आली की खुणा एकदम पुसट होतात. टेट्रा, झेब्रा, बार्ब, गोल्डफिश हे सगळे त्यातले. सर्वसाधारण खूण एकच: मादी पोटात भरलेली, नर सडपातळ. झेब्राच्या मादीचं पोट रुपेरी, तर नरावर पट्ट्यांच्या मध्ये सोनेरी झाक. निऑन टेट्राची निळी रेघ नरात सरळ जाते. मादीचं पोट फुगलेलं असल्याने तिच्यात ती किंचित वाकलेली दिसते. काही टेट्रांच्या नरांना गुदपरावर अतिशय बारीक आकडे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण मासा पकडताना पर जाळीत अडकतो आणि सोडवावा लागतो. अडकला तो नर, हे मासे पैदास करणारी माणसं अनुभवाने ओळखतात. तळाशी फिरणाऱ्या कोरिडोरसला बाजूने पाहून काही कळत नाही. त्याला वरून पाहावं, मादी रुंद दिसते. पोटावरून निकाल द्यायचा तर तो सकाळी, उपाशीपोटी द्यावा. खाऊन फुगलेला नर आणि जलोदर झालेला मासा, दोघंही मादीसारखेच दिसतात.

गोल्डफिशसाठी मात्र एक पक्की खूण आहे आणि तिच्यापायी दरवर्षी पुष्कळ निरोगी मासे औषधात बुडवले जातात. विणीच्या दिवसांत नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर पांढरे टणक कण उठतात, रव्याच्या दाण्याएवढे. हे दिसताच लोक घाबरतात: व्हाइट स्पॉट झाला! मीठ, औषध, तापमान वाढवणं, सगळं सुरू होतं. फरक जागेचा आणि रचनेचा आहे. व्हाइट स्पॉट हा परजीवीचा रोग. त्याचे ठिपके अंगभर, शेपटीवर, पाठीवर कुठंही वेडेवाकडे उठतात, मासा खडीला अंग घासतो, पर मिटून बसतो. विणीचे कण दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, काट्यावर एका ओळीत, आणि मासा टवटवीत, उलट नेहमीपेक्षा जास्त चपळ, मादीच्या पोटाला ढुशा देत फिरणारा. हंगाम संपला की कण आपोआप जातात. काही नरांना ते उठतच नाहीत, त्यामुळे कण नाहीत म्हणून मादी असा उलटा हिशेब करता येत नाही. एक वर्षाच्या आतल्या गोल्डफिशबद्दल तर काहीच न बोललेलं बरं.

एंजलपाशी आलं की बाहेरच्या खुणा संपतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा जोडीने राहतो. दोघं मिळून पान साफ करतात, दोघं अंड्यांना पंख्याने वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतात, दोघं पिल्लं राखतात. कपाळ उंच तो नर, अंगाने मोठा तो नर, अशा खुणा सांगितल्या जातात, पण त्यांच्या भरवशावर मी एकही जोडी घेणार नाही. खात्रीची खूण फक्त अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी आणि त्या वेळीच दिसते. पोटाखाली लहानशी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. एरवी काहीच नाही. म्हणून एंजलची जोडी विकत घ्यायची नसते, ती होऊ द्यायची असते. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत. वयात आल्यावर त्यांतले दोन एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागतात, तीच जोडी. मात्र नर नसेल तर दोन माद्याही जोडी करून राहतात, पान साफ करतात आणि दोघी अंडी घालतात. सुरुवातीला विचारलेल्या पांढऱ्या अंड्यांचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. नेहमीपेक्षा खूप जास्त अंडी आणि सगळीच निकामी, असं पुन्हापुन्हा झालं तर दोन्ही माद्या समजाव्यात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात खाडीतली कळुंदर आवडीने खातात. तीही याच सिक्लिड कुळातली, तिथेही आई-बाप दोघं पिल्लं सांभाळतात, आणि विणीच्या दिवसांखेरीज नर-मादी वेगळे काढणं तितकंच अवघड.

याच कुळात क्रिबेन्सिस नावाचा पश्चिम आफ्रिकेतला लहान मासा आहे, जो आपले सगळे अंदाज उलटे करतो. तिथे मिरवते ती मादी. तिचं पोट गडद लाल-जांभळं होतं आणि ते वाकवून ती नराला बोलावते. नर लांबट, टोकदार परांचा, रंगाने तिच्यापुढे साधा. आई-बाप दोघंही पिल्लं सांभाळतात, तरीही दिसायला वेगळे. मघाशी म्हटलं तो अपवाद हाच. याच माशाच्या बाबतीत असंही दिसून आलं आहे की पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात. नर की मादी हे माणसात जसं गुणसूत्रांनी एकदा ठरतं, तसं माशांत सगळीकडे ठरत नाही. प्लॅटीमध्ये एक्स, वाय आणि डब्ल्यू अशी तीन प्रकारची गुणसूत्रं असतात. प्रयोगशाळेतल्या झेब्रा माशांच्या नेहमीच्या वाणांत तर रानटी पूर्वजांतलं लिंगगुणसूत्र हरवूनच गेलं आहे. आणि बऱ्याच जातींत पिल्लं कोवळी असताना पाणी गरम असेल तर नर वाढतात. एकाच विणीतून सगळे नर निघाले तर दोष नशिबाला देण्याआधी हीटर किती अंशांवर होता ते पाहावं.

समुद्री टँक ठेवणाऱ्यांना तर हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने विचारावा लागतो. क्लाऊनफिशच्या एका कुटुंबात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालोखाल आकाराचा तो नर, बाकीचे लहानगे वयात न आलेले. मादी मेली की नर मादी होतो आणि लहानग्यांतला सगळ्यात मोठा नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 मध्ये हे सविस्तर मांडलं. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या क्लीनर रॅसमध्ये याच्या बरोबर उलट होतं. नर गेला की थोरली मादी नर होते, असं 1972 मध्ये रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळबेटांवर दाखवलं. क्लाऊनफिश घेताना म्हणून नर-मादी शोधत बसू नये. एक मोठा आणि एक स्पष्ट लहान, असे दोन लहान वयाचे मासे घ्यावेत. मोठा मादी होईल, लहान नर. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र आणल्या तर त्या एकमेकींना जिवंत ठेवणार नाहीत.

या सगळ्यावर बाजाराची सावली आहे, आणि त्याबद्दल मला राग आहे. रंगीत नर तेवढा खपतो, म्हणून ड्वार्फ गोरामीसारख्या जातीत दुकानात नरच नर दिसतात. हा मासा परदेशी नव्हे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आपलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 च्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची आणि झेब्राचीही पहिली नोंद केली. त्याच्या रुपेरी, साध्या मादीला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती दुकानापर्यंत पोचतच नाही, आणि घेणाऱ्याला असा मासा असतो हेही कळत नाही. चार नर एका टँकमध्ये कोंबले जातात आणि त्यांतला एकच शेवटी उरतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे संप्रेरकांचा. माद्यांना आणि कोवळ्या पिल्लांना नराचं संप्रेरक देऊन रंग चढवतात. दुकानात सगळे मासे नरासारखे झळकतात, घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि अशा माद्या पुढे नीट अंडी घालतील याची शाश्वती नसते. वयाच्या मानाने जरा जास्तच रंगलेला, एकाच टँकमधला प्रत्येक मासा सारखाच भडक, असं दिसलं तर तिथून खरेदी करू नये.

सह्याद्रीच्या माशांसाठी ही ओळख अधिकच निकडीची आहे. लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांमधून पकडून जगभर विकला गेला आणि आज तो संकटग्रस्त जातींत मोजला जातो. 2013 मध्ये ज्या नव्या प्रजातीत त्याची गणना झाली, तिला 'सह्याद्रिया' हे नाव देणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश दहाणूकर होते. या माशात नर-मादी बाहेरून जवळजवळ सारखेच; पूर्ण वाढलेली मादी थोडी मोठी आणि पोटाने भरलेली, एवढंच. जो मासा ओळखता येत नाही त्याची घरी वीण काढणं कठीण, आणि वीण काढता आली नाही की मागणी पुन्हा नदीवरच जाते.

म्हणून पुस्तकाची मांडणी सोप्याकडून अवघडाकडे आहे. पिल्लं देणारे मासे पहिले, घरटं करणारे त्यांच्यानंतर, मग अंडी विखुरणारे, मग जोडीने राहणारे सिक्लिड, मग समुद्री. प्रत्येक जातीपाशी आधी तिची वीण सांगितली आहे, मग कुठं पाहायचं, कोणत्या वयापासून पाहायचं, आणि कोणती खूण फसवी आहे. टँकमध्ये किती नर आणि किती माद्या ठेवाव्यात हे शेवटी वेगळं दिलं आहे. घाईत असलेल्याने निदान तेवढं वाचावं. देशी माशांचं प्रकरण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लांब आहे. ज्यांच्याकडे असे मासे आहेत त्यांनी एक वही ठेवावी: तारीख, पाण्याचं तापमान, कोणता मासा कुणाचा पाठलाग करत होता, कुणाचं पोट कधी भरलं आणि कधी उतरलं, आणि अंडी कुठं सापडली.